शून्यानं भागून राह्यला का?

आमच्या चौघांचे किस्से कुणी जपून ठेवले नाहीत. पंख्याच्या पात्यांवर धूळ साचते तसे ते आपोआप साचत गेले. दिवाळीत आम्ही यवतमाळला भेटतो, बसस्टँडजवळच्या हॉटेलात कचोरी मागवतो आणि कुणीतरी म्हणतं, "आठवते का बे, त्या दिवशी लॅबमध्ये..." की झालं. आमचे नवरे, बायका, पोरं मुकाट्यानं बाजूच्या टेबलावर सरकतात. त्यांना सगळं पाठ आहे. माझ्या मुलीनं एकदा विचारलं, "आई, तुम्ही कॉलेजमध्ये नुसत्या चुकाच केल्या का?"

मी म्हटलं, "हो. आमचा प्रोजेक्टच तो होता."

आणि यात थट्टा काही नाही.

मी संध्या, वणीजवळच्या राजूरची. वडील कोळशाच्या खाणीत होते. किशोर पांढरकवड्याच्या पलीकडच्या एका गावचा, घरी कापूस आणि तूर. राठोड दिग्रसकडच्या तांड्यावरचा. त्याला स्वतःचं नाव होतं, पण हजेरी घेणाऱ्या सरांशिवाय ते कुणी वापरलं नाही. आणि प्रतिभा ढाणकीची, तिच्या वडिलांचं सायकल दुरुस्तीचं दुकान. डोकं तिच्याकडे होतं, आम्हा बाकी तिघांकडे उत्साह होता. यवतमाळच्या इंजिनिअरिंग कॉलेजात कॉम्प्युटरच्या शेवटच्या वर्षाला आमचा ग्रुप झाला.

कापसाची ती वाईट वर्षं. पेपर उघडला की पहिल्या पानावर आमचाच जिल्हा, आणि बातमी रोज तीच, आणखी एक शेतकरी गेल्याची. अशा वर्षांत आम्ही इतके कसे हसलो, हे मला अजून नीट सांगता येत नाही. पण हसलो.

* * *

प्रोजेक्टचा विषय ठरवायचा होता. आमच्या वर्गात तेव्हा दोनच विषय चालायचे, लायब्ररी मॅनेजमेंट आणि हॉस्पिटल मॅनेजमेंट. ज्यांना दोन्ही मिळाले नाहीत ते हॉटेल मॅनेजमेंट घ्यायचे. आमचे गाईड मानकर सर. बारीक अंगाचे, बोलायला हळू, आणि मुलांना ओरडण्याऐवजी नुसतं बघत राहायची वाईट सवय. त्यांच्यासमोर प्रतिभा म्हणाली, "सर, आम्हाला व्हर्च्युअल मशीन बनवायची आहे."

आम्ही तिघं जमिनीकडे बघत होतो, कारण हे आम्हालाही तेव्हाच कळलं.

तिनं सांगितलं ते असं. जावाचा प्रोग्राम कम्पाइल केला की त्याचे बारके बारके हुकूम तयार होतात. त्याला बाइटकोड म्हणतात. हा आकडा ठेव, तो उचल, दोघांची बेरीज कर, असे साधे हुकूम. पण खरा कॉम्प्युटर ते सरळ वाचत नाही. मध्ये सॉफ्टवेअरचंच एक मशीन बसलेलं असतं, ते एकेक हुकूम वाचतं आणि पाळतं. तेच व्हर्च्युअल मशीन. ते आम्ही स्वतः, सी भाषेत लिहिणार.

सर म्हणाले, "पण जावाचं मशीन तर आधीच बनलेलं आहे."

प्रतिभा म्हणाली, "लायब्ररी पण आधीच बनलेली आहे, सर."

सर बराच वेळ बघत राहिले. मग म्हणाले, "ठीक आहे. पण एक अट. बेरीज-वजाबाकी चालवून दाखवाल, त्याचं मला कौतुक नाही. सगळं बरोबर असताना कोणतंही मशीन चालते. हुकूम चुकला की तुमचं मशीन काय करते, ते मला दाखवा."

बाहेर आल्यावर राठोड म्हणाला, "चुकाच पाह्यजे ना? मंग त आपल्याले फर्स्ट क्लास आहे."

* * *

गणिताचे हुकूम राठोडकडे दिले. बेरीज, वजाबाकी, गुणाकार त्यानं एका दुपारीच उरकले. भागाकारही लिहिला. मग सरांची अट आठवून त्यानं आमच्या मशीनला दहा भागिले शून्य करायला सांगितलं.

स्क्रीन काळी झाली. प्रोग्राम बंद पडला हे ठीक, पण त्याच्याबरोबर आमचं मशीनही बंद पडलं. राठोडनं पुन्हा सुरू केलं, पुन्हा तेच दिलं, पुन्हा काळं.

"प्रोग्राम मेला त मेला," तो म्हणाला, "आपली मशीन काहून मेली?"

प्रतिभा पलीकडच्या खुर्चीवरून म्हणाली, "तू शून्य न पाहता सरळ भागून टाकलं. जेवणाऱ्याला ठसका लागला म्हणून खानावळ बंद पडते का? भागायच्या आधी खालचा आकडा पाहायचा. शून्य असला तर भागायचंच नाही. प्रोग्रामला सांगायचं, बाबा, तुझी ही ओळ चुकली. पुढं काय करायचं ते त्यानं ठरवावं."

याला एक्सेप्शन फेकणं म्हणतात. राठोडला ते इतकं पटलं की दुसऱ्या दिवशी आमचं मशीन पाच अधिक शून्यालाही तक्रार करायला लागलं. त्यानं बेरजेतही शून्य तपासलं होतं, गुणाकारातही, वजाबाकीतही. शून्य दिसलं की एक्सेप्शन.

प्रतिभानं डोक्याला हात लावला. "अरे, बेरीज कधीच तक्रार करत नाही. उत्तर मावलं नाही तरी गुपचूप चुकीचं उत्तर देते, पण बोलत नाही. हुकूम दोन जातींचे असतात, काही बोलतात, काही बोलतच नाहीत."

राठोड शांतपणे तपासण्या पुसत म्हणाला, "माया घरी बी असंच हाये. बाप बोलते. याडी बेरीज हाये."

याडी म्हणजे त्यांच्या बोलीत आई.

* * *

चुकांचे संदेश लिहायचं काम माझ्याकडे होतं. हुकूम चुकला की स्क्रीनवर काय उमटावं, ते. जावात त्यांची लांबलचक इंग्रजी नावं असतात. माझं स्पेलिंग दर वेळी वेगळं यायचं. एकदा एकाच दुपारी मी 'बाउंड्स' तीन तऱ्हांनी लिहिलं.

किशोर म्हणाला, "आपल्या भाषेत लिही नं तात्पुरतं. शेवटी बदलून टाकजो."

म्हणून मी इंग्रजी अक्षरांत, पण आपल्या भाषेत लिहिलं. जिथं वस्तूच नाही तिथून काही काढायला गेलं की, "इथं काहीच नाही ना बे." पाच खणांच्या रांगेतला नववा खण मागितला की, "एवढ्या खोल्या नाहीत घरात." एका जातीच्या वस्तूला जबरदस्तीनं दुसऱ्या जातीची म्हटलं की, "हा तो नव्हे." उणे पाच खणांची रांग बनव म्हटलं की, "उणे पाच डबे कोठून आणू?" आणि भागाकाराला, "शून्यानं भागून राह्यला का?"

आम्हाला ते इतके आवडले की मुद्दाम चुका करून वाचत बसायचो. शेवटी बदलायचं ठरलं होतं.

* * *

एक्सेप्शन फेकल्यावर ते झेलायचं कुणी, हे काम किशोरचं. ते सगळ्यात अवघड होतं आणि त्यानं ते चोख समजून घेतलं होतं. सरांनी त्याला वर्गासमोर सेमिनार द्यायला उभं केलं. किशोर फळ्याशी बोलणारा मुलगा. पण त्या दिवशी तो वर्गाकडे तोंड करून बोलला.

"प्रत्येक मेथडजवळ एक तक्ता असते," तो म्हणाला. "ह्या हुकुमापासून त्या हुकुमापर्यंत काही चुकलं त इकडे जा, असं त्याच्यात लिहेल असते. हुकूम चुकला का मशीन पहिले तिथंच घरात पाह्यते, कोणी सांभाळणारं हाये का. नसलं, त ती मेथड गुंडाळून ठेवते अन् ज्यानं तिले बोलावलं होतं त्याच्याकडे जाते. त्याच्या तक्त्यात पाह्यते. तिथंही कोणी नसलं त त्याच्या वर. असं वर वर जात राह्यते."

मागच्या बाकावरून कुणीतरी विचारलं, "अन् सगळ्यात वर गेलं, तिथंही कोणी सांभाळणारं नसलं, त?"

किशोरनं खडू खाली ठेवला. "मंग पेपरात येते," तो म्हणाला.

आधी मानकर सर हसले, आणि मग सगळेच. सरांनी चष्मा काढून पुसला. तो जरा जास्तच वेळ पुसला असं मला वाटलं.

* * *

पण त्याच तक्त्यात किशोरनं घोळ घातला होता. 'इथून तिथपर्यंत' मोजताना त्यानं हद्द थोडी पुढं नेली, आणि चूक सांभाळणारा तुकडाच त्या हद्दीत आला. आम्ही चाचणीसाठी त्या सांभाळणाऱ्या तुकड्यातही शून्यानं भागायची एक चूक पेरून ठेवली होती. खरं तर ती चूक वरच्याकडे जायला हवी. पण आमचं मशीन चूक झाली की सांभाळणाऱ्याकडे जायचं, सांभाळणारा चुकायचा, आणि मशीन पुन्हा त्याच सांभाळणाऱ्याकडे यायचं.

स्क्रीनवर ओळी धावायला लागल्या. "शून्यानं भागून राह्यला का?" खाली पुन्हा "शून्यानं भागून राह्यला का?" थांबेचना. आम्ही चौघं टेबलाभोवती उभे राहून एकमेकांवर ओरडत होतो. त्यात किशोर ती ओळ मोठ्यानं वाचत सुटला, "भागून राह्यला, भागून राह्यला, अजून भागून राह्यला!"

लॅबचे अटेंडंट नामदेवकाका दाराबाहेर स्टुलावर बसायचे. लॅबमधून दोन माउस चोरीला गेल्यापासून ते फार सावध असत. आमच्याकडे भागून राह्यला म्हणजे पळून राहिला, हे सांगायला नको. काका आत आले, खिडकीतून बाहेर बघितलं, आणि काठी घेऊन सरळ गेटकडे धावले.

आम्ही मशीन बंद करून त्यांच्या मागे पळालो. गेटवर काकांनी एका दाढीवाल्या गृहस्थाला हाताला धरून उभं केलं होतं. ते गृहस्थ मेकॅनिकल विभागात नवीन रुजू झालेले सर निघाले. त्यांना बस पकडायची होती, म्हणून ते खरंच पळत होते.

काकांनी हात सोडला. आम्हाला म्हणाले, "तुमी त म्हणे भागून राह्यला."

राठोडनं खाली मान घालून सांगितलं, "काका, तो शून्यानं भागून राह्यलता. हे सर बसनं."

* * *

दिवाळीनंतर किशोर परत आला नाही. आधी वाटलं कापसाची वेचणी असेल. मग हॉस्टेलवर त्याच्याबद्दल कुणालाच काही ठाऊक नाही असं कळलं. घरी फोन नव्हता. शेवटी आम्ही तिघं बसनं पांढरकवड्याला गेलो, आणि तिथून काळीपिवळी जीपनं त्याच्या गावाला.

त्या वर्षांत आमच्याकडच्या गावात खांद्याला बॅग लावलेली अनोळखी माणसं उतरली, की ती पेपरची नाहीतर टीव्हीचीच असायची. वेशीवरच एका बाईनं राठोडला विचारलं, "कोन्या चॅनलचे हो तुमी?"

किशोरचं घर सापडलं. अंगणात त्याचे बाबा, महादेवभाऊ, फवारणीचा पंप उघडून बसले होते. त्यांनी वर न बघताच सांगितलं, "इथं कोनी मेलं नाही, बाई. पुढच्या गावात पाहा."

राठोड म्हणाला, "आमी जिता मानूसच न्याले आलो, काका."

महादेवभाऊंनी वर बघितलं. मग ते इतके हसले की पंपाचा वायसर हातातून निसटून धुळीत गेला, आणि तो शोधायला आम्ही सगळे उकिडवे बसलो. त्याच वेळी किशोर घराच्या मागून आला. आम्हाला बघून त्याचा चेहरा उतरला.

महादेवभाऊ म्हणाले, "तुमी आले बरं झालं. कॉलेजले किती दिवसाची सुट्टी हाये अजून?"

"कोनची सुट्टी?" राठोडनं विचारलं, आणि मी त्याच्या पायावर पाय दिला, पण उशीर झाला होता.

किशोरच्या आईनं चहा आणून ठेवला आणि ती दाराशीच थांबली. मग किशोर हळूहळू बोलला. दोनदा पेरणी करावी लागली होती. जे उगवलं त्याला बोंडअळी लागली. बाबांचा खांदा दुखत होता. यंदा आपण इथंच थांबावं असं त्यानं ठरवलं होतं. एक वर्षानं बघू.

महादेवभाऊंनी पंप बाजूला सारला. आम्हाला विचारलं, "तुमी पोरं करून काय राह्यले तिथं? हा सांगते त मले समजत नाही."

प्रतिभानं सांगितलं. जमिनीवर काडीनं रेघा ओढून सांगितलं. हुकूम कसे असतात, एखादा कसा चुकतो, चुकला की मशीन काय करतं.

"म्हणजे एक ओळ चुकली त मशीन मरत नाही?" त्यांनी विचारलं.

"नाही, काका. सांभाळणारं कोण आहे ते शोधते. आणि ते शोधायचं काम किशोरचंच आहे."

महादेवभाऊंना वायसर सापडला होता. त्यांनी तो धोतराला पुसून पंपात बसवला आणि मुलाकडे वळले. "बॅग भर."

"बाबा, फवारनी..."

"फवारनी मी करतो. माया खांदा दुखते, तुया हात चुकते. तू फवारलेल्या ओळीतल्या अळ्या पयल्यापरीस जाड झाल्या."

परतीच्या जीपमध्ये किशोर मागे टपावर बसला. आम्हाला वाटलं तो रडत असेल. उतरल्यावर कळलं, तो हद्दीचा घोळ त्यानं वाटेतच मनात सोडवला होता.

* * *

मार्चमध्ये मानकर सरांनी आम्हाला एका प्रश्नात पकडलं. "समजा, नवीन वस्तू बनवायचा हुकूम आला, आणि मेमरी संपलेली आहे. तुम्ही काय कराल?"

मी म्हटलं, "मेमरी संपली असं एक्सेप्शन फेकू, सर."

"ते एक्सेप्शन म्हणजे पण एक वस्तूच ना? ती कशात बनवाल? मेमरी संपली म्हणालात."

आम्ही चौघं त्यांच्या टेबलावरच्या पेपरवेटकडे बघत राहिलो. सरांनी तो उचलून खणात टाकला, म्हणजे आम्हाला बघायला तेवढंही उरलं नाही.

आठवडाभर कुणालाच उत्तर सुचलं नाही. चौदा एप्रिल जवळ आली होती. जयंतीला प्रतिभा ढाणकीला गेली. मिरवणुकीच्या संध्याकाळी त्यांच्या घरात पाहुणे दाटले होते, चुलीवर पुऱ्या तळल्या जात होत्या, आणि लोडशेडिंगची लाइट गेली. लेकरांनी कल्ला केला. तिची आई, कमलताई, उठल्या नाहीत. तिथूनच हात लांब करून कोनाड्यातली आगपेटी घेतली आणि बाजूची चिमणी लावली. चिमणी तेल भरून दिवसाच ठेवलेली असायची.

प्रतिभा अंधारात एकटीच हसायला लागली.

"कायले हासतं?" आईनं विचारलं.

"आई, तू माझ्या प्रोजेक्टचं काम केलं."

"मंग माझं नाव टाकशीन का त्याच्यात?"

उत्तर एवढंच होतं. मशीन सुरू होतानाच, मेमरी रिकामी असताना, ते एक एक्सेप्शन बनवून बाजूला ठेवायचं. वेळ आली की नवीन बनवायचं नाही, ठेवलेलंच उचलून फेकायचं. आणि प्रतिभानं खरोखरच आमच्या रिपोर्टच्या सुरुवातीच्या आभारात, सरांच्या नावाखाली, आईचं नाव टाकलं, मेमरी संपल्यानंतरच्या उपायाबद्दल.

सरांनी ते वाचून विचारलं, "या कमल मॅडम कोणत्या कॉलेजच्या?"

प्रतिभा म्हणाली, "ढाणकीच्या, सर."

सरांनी बरं म्हणून मान हलवली आणि सही केली. पुढं कितीतरी दिवस ते ढाणकीला कोणतं कॉलेज आहे, ते इतरांना विचारत होते.

* * *

परीक्षेला बाहेरून आलेले परीक्षक पुण्याकडचे होते. पांढरा शर्ट, बारीक आवाज, 'आपण' म्हणून बोलायचे. आम्ही सगळं दाखवलं. बेरजा चालल्या, मेथड चालल्या. ते म्हणाले, "आपलं मशीन चुका कशा हाताळतं, तेवढं मी जरा स्वतः बघतो."

ते कीबोर्डशी बसले, आणि त्याच क्षणी मला आठवलं की संदेश बदलायचे राहून गेलेत.

त्यांनी उणे पाच खणांची रांग मागितली. स्क्रीनवर आलं, "उणे पाच डबे कोठून आणू?" त्यांनी ते दोनदा वाचलं. मग नसलेल्या वस्तूतून काहीतरी काढायला सांगितलं. "इथं काहीच नाही ना बे."

परीक्षक मानकर सरांकडे वळले. "हे मला म्हणतंय का?"

सरांनी आयुष्यात पहिल्यांदा आमची बाजू घेतली. "नाही सर. आमच्याकडे ते आदरार्थी आहे."

परीक्षक पुन्हा स्क्रीनकडे वळले. त्यांच्या मानेवरून कळत होतं की ते हसू दाबतायत. मग त्यांनी शेवटची चाचणी दिली. मशीनला मावणारी सगळ्यात मोठी उणे संख्या, भागिले उणे एक. शून्य कुठंच नाही. राठोड निवांत उभा होता.

स्क्रीन काळी झाली. आमचं अख्खं मशीन मेलं.

"उत्तर मावणाऱ्या सगळ्यात मोठ्या संख्येपेक्षा एकानं जास्त येतं," परीक्षक म्हणाले. "जावाचा नियम असा, की इथं एक्सेप्शन नाही, गुपचूप तीच उणे संख्या परत द्यायची. आपण मात्र तो भागाकार खऱ्या प्रोसेसरकडे तसाच पाठवला. आणि त्याला हे अजिबात सहन होत नाही."

वर्षभराचं काम, आणि समोर काळी स्क्रीन.

राठोड म्हणाला, "सर, मी वर्षभर शून्यावर पहारा दिला. उणे एक मागच्या दारानं आला."

परीक्षकांनी खुर्ची मागे सरकवली. "चहा सांगा," ते नामदेवकाकांना म्हणाले, आणि प्रतिभाला, "चहा येईपर्यंत दुरुस्त होतंय का बघा."

चहा यायच्या आत दोन ओळींत झालं. काकांनी किटली लॅबच्या दाराबाहेर मुद्दाम थांबवून धरली होती, हे आम्हाला नंतर कळलं. परीक्षकांनी तीच संख्या पुन्हा दिली, उत्तर बरोबर आलं. ते उठले, खिशाला पेन लावलं आणि दाराशी थांबून मला म्हणाले, "संदेश बदलू नका."

* * *

निकालानंतर प्रतिभाला पुण्याच्या एका कंपनीत मुलाखतीला बोलावलं. ती एकटी गेली. नवा ड्रेस माझा, चपला तिच्या, आणि इंग्रजी आम्ही चौघांनी मिळून आठवडाभर घोकलेलं.

समोर तिघं बसले होते. दोघं प्रश्न विचारत होते. तिसरे, वयानं सगळ्यात मोठे, टाय लावलेले, कोपऱ्यात कागद चाळत होते. त्यांनी सुरुवातीला 'प्लीज सिट' म्हटलं, ते सोडून तोंड उघडलं नव्हतं. प्रतिभा सांगते, की तिला भीती त्यांचीच वाटत होती.

सगळं इंग्रजीत बरं चाललं होतं. मग त्यातल्या एकानं बाइटकोडबद्दल विचारलं. "एक्सेप्शन फेकायचा स्वतंत्र हुकूमच असतो. त्या हुकुमाला फेकायला काही दिलंच नाही, हातात नल असलं, तर काय होतं?"

प्रतिभाला उत्तर ठाऊक होतं. फेकायचं एक्सेप्शन नसलं की तो हुकूमच चुकतो, आणि त्याचंच वेगळं एक्सेप्शन तयार होऊन फेकलं जातं. तिनं ते स्वतः लिहिलं होतं. पण इंग्रजी वाक्य अर्ध्यात अडकलं. पुन्हा सुरू केलं, पुन्हा तिथंच अडकलं. विचारणारे घड्याळाकडे बघायला लागले. तिला ढाणकीहून यवतमाळ, यवतमाळहून पुणे, एवढा सगळा रस्ता एका वाक्यासाठी वाया जाताना दिसला. मग तिनं हात मांडीवरून उचलून टेबलावर ठेवले आणि जसं आम्हाला सांगायची तसंच सांगून टाकलं.

"फेकाले हातात काहीच नसन, सर, त फेकणाऱ्याचाच तोल जाते."

दोघांनी एकमेकांकडे बघितलं. एक म्हणाला, "सॉरी?"

कोपऱ्यातल्या साहेबांनी कागद खाली ठेवले. टाय थोडा सैल केला. प्रतिभाकडे नीट बघितलं आणि म्हणाले,

"बरोबर हाये. अन् जोरानं फेकलं असन, त खांदाही निखळते."